वाचक विचारतात : फ्रेंच टोस्ट हलका कसा करावा?

अंडं-दुधात बुडवून तव्यावर भाजलेला ब्रेड, म्हणजे फ्रेंच टोस्ट, सुट्टीच्या सकाळी बऱ्याच घरांत होतो. तोच एरवीच्या न्याहारीलाही चालेल असा, कमी तुपालोण्याचा आणि कमी साखरेचा कसा करायचा, यावर आलेल्या प्रश्नांतले काही या वेळी घेतले आहेत. उत्तरांत चमचा म्हटलं की ५ मिलीचा सपाट चमचा, मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि स्लाइस म्हणजे २५ ते ३० ग्रॅमचा नेहमीचा सँडविच ब्रेडचा स्लाइस समजावा.

वजन कमी करायचं म्हणून मी दूध बिनसायीचं घेते, अंड्यातला बलक काढून टाकते. तरी टोस्ट पोटाला जड होतो आणि खाताना चिवट लागतो. नक्की कापायचं कशात? (ठाणे)

तुम्ही कापताय तिथे कापण्यासारखं फारसं नाहीच. एका माणसाच्या नेहमीच्या टोस्टचा हिशेब मांडून पाहा. दोन स्लाइसचे साधारण १४० कॅलरी, एका अंड्याचे ७०, पाव कपाला थोडं कमी, म्हणजे ५० मिली फुल क्रीम दुधाचे ४५, दोन चमचे साखरेचे ४०. इथपर्यंत ३०० होत नाहीत. मग तव्यावर मोठा चमचाभर लोणी जातं, त्याचे १०० ते ११०. वर मोठा चमचाभर मध, त्याचे ६० ते ६५. सगळं मिळून ४७०च्या आसपास. यातला बलक काढून ५५ वाचतात, दूध बिनसायीचं घेऊन २५ ते ३०. तव्यावरचं लोणी अर्ध्या चमच्यावर आणलं तर एकदम ९० वाचतात, आणि चवीला धक्का लागत नाही.

बलक ठेवाच. दूध आणि अंडं एकजीव धरून ठेवण्याचं काम तोच करतो, भाजल्यावर आतला मऊपणाही त्याचाच. नुसता पांढरा भाग शिजला की घट्ट आणि चिवट होतो. तुमच्या टोस्टचं तेच होतंय. मधला रस्ता असा, की दोन पूर्ण अंड्यांऐवजी एक पूर्ण अंडं आणि एका अंड्याचा पांढरा भाग घ्यायचा.

दोघांसाठी, चार स्लाइसचं प्रमाण: १ पूर्ण अंडं, १ अंड्याचा पांढरा भाग, ६० मिली डबल टोन्ड दूध, १ चमचा साखर, चिमूटभर मीठ, पाव चमचा दालचिनी पूड, थोडं किसलेलं जायफळ किंवा व्हॅनिला इसेन्सचे चार-पाच थेंब. तव्यासाठी सगळ्या चार स्लाइसना मिळून १ चमचा तेल किंवा तूप. माणशी साधारण २३० कॅलरी होतात. वर १०० ग्रॅम पपई आणि दोन मोठे चमचे चक्का घेतला तरी ३००च्या आत राहतं.

दुधाच्या पिशवीवरचं नाव वाचून घ्या. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. बिनसायीचं, म्हणजे स्किम्ड दूध घेतलं तरी बिघडत नाही, पण ६० मिलीत फरक इतका थोडा पडतो की त्यासाठी वेगळी पिशवी आणू नये.

बाहेरून छान रंग येतो, पण मधोमध लगदा राहतो. कधी उचलतानाच स्लाइस तुटतो. ब्रेड ताजाच असतो, मग असं का? (सांगली)

ताजा असतो म्हणूनच. ताज्या ब्रेडमध्ये आधीच पाणी भरपूर असतं, भिंती मऊ असतात. मिश्रणात पडला की तो वरच्यावर ओला होऊन बसतो आणि आपल्याच वजनाने फाटतो. एक-दोन दिवसांचा, किंचित कडक झालेला ब्रेड मिश्रण आतपर्यंत ओढतो आणि आकारही धरून ठेवतो. हा पदार्थ मुळात शिळा ब्रेड वाया जाऊ नये म्हणूनच जगभर होत आला आहे. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी तोर्रिहास करतात, त्यालाही शिळाच पाव घेतात.

ब्रेड वाळवायचे दोन मार्ग आहेत. ओव्हन असेल तर १२० अंशांवर जाळीवर १० ते १२ मिनिटं. नसेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर प्रत्येक बाजू दीड ते दोन मिनिटं. रंग आणायचा नाही. बोटाने दाबल्यावर वरचा पापुद्रा किंचित कडक लागला आणि आतून स्लाइस अजून दबला, की झालं. मग ५ मिनिटं जाळीवर उघडा ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. कोरड्या हवेच्या गावी रात्रभर उघडा ठेवूनही ब्रेड वाळतो. मुंबईत, कोकणात, पावसाळ्यात तो वाळत नाही, त्याला बुरशी येते. तिथे तवाच वापरावा. फ्रिजमध्ये ठेवलेला ब्रेड लवकर शिळा होतो म्हणून एरवी आपण तो तिथे ठेवू नये म्हणतो, या कामाला मात्र तो चांगला.

आता भिजवणं. सँडविच ब्रेडचा एक स्लाइस साधारण ३५ ते ४० मिली मिश्रण पेलतो. वरच्या प्रमाणात चार स्लाइसना मिळून १४० मिलीच्या आसपास मिश्रण होतं, म्हणजे स्लाइसागणिक नेमकं पुरतं. खोल वाडग्यात बुडवू नका. पसरट ताटलीत किंवा केकच्या टिनमध्ये मिश्रण ओता, म्हणजे पहिल्या स्लाइसने सगळं पिऊन टाकलं असं होत नाही. ताजा स्लाइस दोन्हीकडून १० सेकंद, वाळवलेला २० ते २५ सेकंद, बोटभर जाड कापलेला शिळा पाव एकेका बाजूला मिनिट-दीड मिनिट. कडाही मिश्रणात फिरवून घ्या. कोरडी राहिलेली कड तव्यावरचं तेल सगळ्यात आधी ओढते.

उचलताना चिमटा वापरू नका. रुंद उलथणं खालून घाला, स्लाइस ताटलीवर तिरपा धरून ५ सेकंद निथळू द्या, मग तव्यावर सरकवा. स्लाइस टाकल्याबरोबर तव्यावर पिवळं पाणी पसरून त्याचं पातळ ऑम्लेट होत असेल, तर तुम्ही निथळवला नाही किंवा दूध जास्त झालं. सँडविच ब्रेडला एका अंड्यामागे ३० ते ४० मिली दूध पुरतं. जाड आणि शिळ्या पावाला ६० मिलीपर्यंत चालतं. त्यावर गेलात की अंडं कमी पडतं, आतलं दूध घट्ट होत नाही आणि लगदा उरतो.

रंग लवकर येतो म्हणून आच कमी केली, तर टोस्ट तेलकट झाला. वाढवली तर करपला. आच किती ठेवायची? आणि बीडाच्या तव्यावर चिकटणार नाही ना? (कोल्हापूर)

सगळा पदार्थ या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

अंडं-दुधाचं मिश्रण ८० अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतं. छान तपकिरी रंग मात्र १४० अंशांच्या पुढे येतो. बाहेर १४० आणि आत ८०, हे एकाच वेळी साधायचं आहे. तवा थंड असेल तर ओला स्लाइस टाकल्यावर पृष्ठभाग घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात खालचं तेल ब्रेडच्या छिद्रांत शिरतं. आच कमी केल्यावर टोस्ट तेलकट झाला तो यामुळे. तवा नीट तापलेला असेल तर मिश्रणाचा पहिला थर टेकताक्षणी घट्ट होतो आणि तेल बाहेरच राहतं.

तवा मध्यम आचेवर ३ ते ४ मिनिटं तापवा. नॉनस्टिक असेल तर दीड-दोन मिनिटं पुरे, तो रिकामा फार तापवू नये. पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र आवाज करून दोन-तीन सेकंदांत आटले तर तवा तयार आहे. थेंब गोल होऊन तव्यावर पळू लागला तर तो फार तापलाय, मिनिटभर खाली उतरवा. थेंब नुसता पसरून बुडबुडे काढत बसला तर अजून थांबा.

मग पाव चमचा तेल किंवा तूप टाकून ब्रशने किंवा कपड्याच्या घडीने तव्यावर पुसून घ्या. डोशाच्या तव्याला आपण अर्धा कांदा फिरवतो, तो इथे नको, गोड टोस्टला वास लागतो. स्लाइस ठेवल्यावर आच मध्यमपेक्षा एक पायरी खाली आणा. पहिली बाजू अडीच ते तीन मिनिटं, दुसरी दोन मिनिटं. पहिल्या मिनिटात हलवू नका. खालचा थर घट्ट झाला की स्लाइस आपोआप सुटतो. उलथणं घातल्यावर अडला तर आणखी अर्धं मिनिट द्या. आत कच्चा राहण्याची शंका असेल तर उलटल्यावर मिनिटभर झाकण ठेवा. शेवटचं अर्धं मिनिट झाकण काढा, नाहीतर वाफेने वरचा कुरकुरीतपणा जातो. मधोमध बोटाने हलकं दाबल्यावर स्लाइस परत वर आला पाहिजे. खड्डा राहिला किंवा कडेने ओलं आलं तर आत कच्चं आहे.

बीडाचा तवा नेहमीच्या वापरातला, काळा गुळगुळीत झालेला असेल तर उत्तम. उष्णता धरून ठेवतो, चारही स्लाइस सारखे होतात. नवा, खरखरीत असेल तर चिकटेल. स्टीलच्या पातळ तव्यावर कमी तेलात हा प्रकार करू नये.

लोण्याचा वास हवाच असेल तर ते सुरुवातीला टाकू नका. त्यातला दुधाचा अंश तव्यावर लवकर काळा पडतो. तेलावर भाजा आणि उतरवायच्या अर्धं मिनिट आधी प्रत्येक स्लाइसवर पाव चमच्याहून कमी लोणी फिरवा. वरवर राहिल्याने वास पुरेपूर येतो. तूप, तेल, लोणी यांच्या कॅलरी चमच्यामागे जवळपास सारख्याच आहेत, ३५ ते ४०. तेव्हा कोणतं घेतलं यापेक्षा किती घेतलं ते बघा.

रंग फार लवकर येत असेल तर मिश्रणातली साखरही तपासा. चार स्लाइसना दोन चमच्यांपेक्षा जास्त साखर, किंवा साखरेऐवजी मध घातला असेल, तर बाहेरचा भाग आत शिजायच्या आत काळा पडतो. मध साखरेपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला रंगतो. तो वरून घ्यावा.

ब्राऊन ब्रेड, मल्टिग्रेन, आटा ब्रेड, यांतला कोणता घ्यावा? (नाशिक)

रंगावर जाऊ नका. पाकिटामागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि पुढे कुठेतरी कॅरमल रंग लिहिला असेल, तर तो मैद्याचाच ब्रेड आहे. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं, म्हणजे आट्याचं असावं आणि त्यापुढे कंसात टक्के दिलेले असावेत. मल्टिग्रेनमध्येही बऱ्याचदा मैदा पहिला येतो आणि बाकीची धान्यं मिळून थोडीशीच असतात.

आटा ब्रेडने कॅलरी कमी होत नाहीत, स्लाइसला पाच-दहाचा फरक. फायदा चोथ्याचा आहे. पांढऱ्या स्लाइसमध्ये तो एक ग्रॅमहून कमी असतो, आट्याच्या स्लाइसमध्ये साधारण दुप्पट, त्यामुळे पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं. आटा ब्रेड मिश्रण हळू ओढतो, पण एकदा भिजला की पटकन मोडतो. आधी वाळवून घ्या आणि प्रत्येक बाजूला १५ सेकंदांवर ठेवू नका.

आमच्याकडे पोई आणि उंडे, हे गोव्याचे पाव, मिळतात. त्यांचा होईल का? (मडगाव)

उंड्याचा फार चांगला होतो. कालचा उंडो घ्या, दोन सेंटिमीटर जाडीचे काप करा, एका अंड्यामागे ५० ते ६० मिली दूध घेऊन एकेक बाजू मिनिटभर भिजवा. कवच जाड असल्याने काप तुटत नाही, आणि भाजल्यावर कडेला खाताना मजा येते.

पोई आतून पोकळ असते. ती मधून उघडून दोन पापुद्रे करा. आतली मऊ बाजू आधी मिश्रणावर ठेवा, कोंड्याची बाजू शेवटी नुसती बुडवून काढा. कोंडा आधी झटकून घेतला नाही तर तो तव्यावर पडून करपतो आणि कडवट वास येतो. पोईला गोडापेक्षा तिखट मिश्रण जास्त शोभतं, असं आमचं मत.

लादी पावाबद्दलही काहींनी विचारलंय. तो फार मऊ असतो. आडवा कापून कापलेली बाजू तव्यावर कडक करून घ्यावी आणि तेवढीच बाजू भिजवावी.

घरात कुणाला अंड्याचा वास चालत नाही. शिवाय टोस्टवर पांढरे ठिपके दिसतात. उपाय सांगा. (अमरावती)

दोन्हीचं मूळ एकच. पांढरा भाग नीट फेटला गेलेला नाही. तो स्लाइसवर गोळ्याने चिकटतो आणि वेगळा शिजतो. अंडी आधी नुसती, चिमूटभर मीठ घालून मिनिटभर फेटा. काट्याने वर उचलल्यावर तार न लागता मिश्रण सरळ खाली पडलं पाहिजे. मग दूध घाला आणि चहाच्या गाळणीतून गाळा. गाळणीत राहणारे पांढरे दोरे टाकून द्या. एवढ्यानेच वास बराच कमी होतो.

दालचिनी पूड दुधात टाकलीत तर ती वर तरंगते आणि पहिल्या स्लाइसला सगळी चिकटते. ती साखरेत मिसळून, दूध घालायच्या आधी, अंड्यात फेटा. हे गाळल्यानंतर करायचं असेल तर चमचाभर मिश्रणात कालवून परत घाला. संत्र्याची साल फक्त केशरी भागापुरती किसून अर्धा चमचा घातली तर वासाला दुसरा कुठलाच उपाय लागत नाही. तुमच्याकडे हंगामात संत्र्यांना तोटा नाही. पांढरा भाग किसला तर कडू होतं.

साखरेऐवजी गूळ किंवा खजूर घातला तर टोस्ट पौष्टिक होईल ना? मुलं गोडाशिवाय खात नाहीत. (सोलापूर)

गूळ, मध, साखर यांच्यात कॅलरीच्या दृष्टीने निवडण्यासारखं काही नाही. १०० ग्रॅम गुळाचे ३८० च्या आसपास, साखरेचे ४००. गुळाची चव आवडते म्हणून घाला, हलका होईल म्हणून नको. घालायचाच तर बारीक चाळलेली गूळ पावडर थंड दुधात विरघळवा. गुळाचा खडा राहिला तर तव्यावर तिथेच काळा डाग पडतो. गरम दुधात गूळ घातला तर दूध फाटण्याची भीती असते.

मुलांसाठी खरा उपाय केळ्याचा आहे. अर्धं पिकलेलं केळं, साधारण ५० ग्रॅम, काट्याने अगदी गुळगुळीत कुस्करून वरच्या प्रमाणात मिसळा, साखर पूर्ण काढून टाका, दूध १५ मिलीने कमी करा. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घ्या. आच नेहमीपेक्षा किंचित कमी, कारण केळ्याची साखरही रंग लवकर आणते. खजूर चालतो, पण तो मिश्रणात नको, तळाशी बसतो. चार बिया काढलेले खजूर दोन मोठे चमचे गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवून वाटा आणि जॅमसारखे वरून लावा.

वर घालायला सगळ्यात चांगला चक्का. पाव किलो दही कपड्यात दोन तास टांगलं की साधारण निम्मा चक्का मिळतो. त्यात वेलची पूड आणि एक चमचा साखर घातली तर मुलांना श्रीखंडाची चव येते आणि पोटात प्रथिनं जातात. आंब्याच्या दिवसांत फोडी, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एरवी पपई, डाळिंब. एक सफरचंद सालीसकट बारीक चिरून दोन मोठे चमचे पाण्यात, चिमूटभर दालचिनी घालून, झाकण ठेवून ५-६ मिनिटं शिजवलं तर मधाची आठवण येत नाही. फळं टोस्टवर आधीपासून रचून ठेवू नका, रस सुटून टोस्ट मऊ पडतो.

आम्ही अंडं खात नाही. कस्टर्ड पावडर वापरून करते. ते हलकं म्हणता येईल का? (जळगाव)

चव चांगली येते, पण कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पिठूळ. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. अंडं गेलं तर त्याची भरपाई करणारं काहीतरी हवं, आणि घरात ते बेसन आहे.

चार स्लाइसना ३ मोठे चमचे बेसन (साधारण २५ ग्रॅम), १२० मिली डबल टोन्ड दूध, १ चमचा साखर, चिमूट हळद, चिमूट मीठ, वेलची. बेसनात दूध एकदम ओतू नका. आधी दोन चमचे घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं. १० मिनिटं ठेवा, म्हणजे बेसन फुलतं. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतपत दाट हवं. यात स्लाइस भिजवायचा नाही, ५-६ सेकंदांत दोन्ही बाजू बुडवून काढायचा. आच मध्यमपेक्षा कमी आणि प्रत्येक बाजूला पूर्ण ३ मिनिटं, नाहीतर कच्च्या बेसनाचा वास राहतो. अंड्याच्या टोस्टसारखा आतून मऊ होणार नाही, वरचा पापुद्रा मात्र जास्त कुरकुरीत होतो. बेसनातून ५ ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात, म्हणजे जवळजवळ एका अंड्याइतकी.

कस्टर्ड पावडरच वापरायची तर १५० मिली थंड दुधाला २ मोठे चमचे, आणि प्रत्येक स्लाइसआधी मिश्रण ढवळा. ती सतत तळाशी बसते. नाही ढवळलं तर पहिल्या स्लाइसला नुसतं दूध आणि शेवटच्याला खळ लागते.

ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये तेल अजून वाचेल का? (पुणे)

थोडंसंच. तव्यावर माणशी अर्धा चमचा लागतो, इथे पाव चमचा. आठ-दहा स्लाइस एका वेळी करायचे असतील तर ओव्हनचा खरा उपयोग. २०० अंशांवर आधी तापवलेला ओव्हन, ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर तेलाचा हात, ८ मिनिटं, उलटून आणखी ५ ते ६. एअर फ्रायरला १८० अंश, प्रत्येक बाजू ४ मिनिटं. त्याच्या जाळीतून मिश्रण खाली गळून जळतं, म्हणून ब्रेड नीट वाळवलेला हवा आणि स्लाइस नेहमीपेक्षा जास्त निथळवावा.

तिखट टोस्ट करताना कांदा-मिरची तव्यावर गळून पडते. (मुंबई)

कांदा मिश्रणात घालून ब्रेड बुडवला की असंच होणार. ब्रेड साध्या मिश्रणात बुडवून तव्यावर ठेवा आणि कांदा-मिरचीचं कालवलेलं मिश्रण चमच्याने वरून पसरा. चार स्लाइसना २ अंडी आणि फक्त २ मोठे चमचे दूध, अर्धी वाटी भाज्या. कांदा अगदी बारीक, टोमॅटो असेल तर बिया आणि गर काढून, गाजर किसून पिळून. मीठ शेवटच्या क्षणी, कारण कांद्याला पाणी सुटतं. हळद, मिरपूड, कोथिंबीर. वरचं अंडं ओलसर पण वाहतं नसेल तेव्हा एकाच झटक्यात उलटा आणि उलथण्याने १० सेकंद दाबून धरा, म्हणजे भाजी ब्रेडला धरते. टोमॅटो सॉस बेताने, एका मोठ्या चमच्यात जवळजवळ चमचाभर साखर असते.

इथे ब्रिऑश आणि मेपल सिरपशिवाय फ्रेंच टोस्ट कुणी करत नाही. घरी काय बदलता येईल? (न्यू जर्सी)

ब्रिऑश बदला. त्याच्या पिठातच लोणी आणि अंडी असतात. अडीच सेंटिमीटर जाडीचा एक काप ५० ते ६० ग्रॅम भरतो, म्हणजे तव्यावर जायच्या आधीच २०० कॅलरी. कालचा साॅवरडो किंवा होल व्हीट ब्रेड दीड सेंटिमीटर जाडीचा कापून घ्या. साॅवरडोचा किंचित आंबटपणा अंड्याला फार छान लागतो.

मेपल सिरप टाकायची गरज नाही, मापून घ्या. मोठ्या चमच्याला ५० कॅलरी. तो चमचा थोडा गरम करा, पातळ होऊन दोन स्लाइसवर सहज पसरतो. थंड ओतला की एका कोपऱ्यात जिरतो आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. पॅनकेक सिरप म्हणून स्वस्त मिळतं ते बहुतेक वेळा वास घातलेलं कॉर्न सिरप असतं.

मधुमेह आहे. खावा का? (सातारा)

एका स्लाइसमध्ये साधारण १३ ते १४ ग्रॅम कर्बोदकं धरा, दोनमध्ये २७. खायचाच तर न्याहारीतल्या दुसऱ्या कशाच्या जागी खा, सोबत म्हणून नव्हे. आटा ब्रेड, एक पूर्ण अंडं, साखर नाही, वर केळं-आंब्याऐवजी अर्धा पेरू किंवा सालीसकट अर्धं सफरचंद. दालचिनीने गोडाचा भास होतो, तेवढ्यासाठी घाला; तिच्या भरवशावर साखर घेऊ नका. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन स्लाइस चालतील की एक, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रात्री तयारी करून ठेवली तर सकाळचा वेळ वाचेल का? डब्यात देता येईल का? (नागपूर)

मिश्रण फेटून, गाळून, झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवता येतं. सकाळी ढवळून घ्या. ओट्यावर ठेवू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात तर तासभरही नाही. ब्रेड बुडवून झाल्यावर उरलेलं मिश्रण पुन्हा साठवू नये, लगेच तव्यावर टाकून शिजवून टाका. ब्रेड रात्री वाळवून डब्यात भरून ठेवा. सँडविच ब्रेड रात्रभर भिजवून मात्र ठेवू नये, त्याचा लगदाच होतो.

भाजलेले टोस्ट जाळीवर पूर्ण गार करून फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतात. आधी ताटात सुटे ठेवून दोन तास गोठवा, मग पिशवीत भरा, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. खाताना बर्फातून काढून थेट टोस्टरमध्ये मध्यम अंकावर दोनदा, किंवा झाकण ठेवून मंद तव्यावर ४ ते ५ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये नको, चिवट होतात.

डब्यात देताना टोस्ट गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफेचं पाणी होऊन तळ ओला होतो. खाली कागदी रुमाल घाला, फळं वेगळ्या डबीत द्या. तिखट टोस्ट डब्यात गोडापेक्षा चांगला राहतो. उन्हाळ्यात तो पहिल्या मधल्या सुट्टीतच संपायला हवा, दुपारपर्यंत ठेवू नये.